चुकांची चिठ्ठी घेऊन सिंगापूरला

पुण्याच्या विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली आणि काउंटरवरच्या मुलीने नकारार्थी मान हलवली. वजन जास्त भरलं होतं. बॅगेत माझे कपडे, भाचीसाठी बेसनाच्या लाडवांचा मोठा डबा आणि दोन जाडजूड फायली होत्या. यातलं काहीतरी मागे ठेवणं भाग होतं. मी डबा काढला, धावत दारापर्यंत गेले आणि बाहेर थांबलेल्या विलासरावांच्या (माझ्या यजमानांच्या) हातात दिला. त्यांनी दुःखी चेहरा करायचा बराच प्रयत्न केला. गाडी साताऱ्याला पोहोचेपर्यंत अर्धा डबा रिकामा होणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फायली मागे ठेवणं शक्य नव्हतं, कारण माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या फाउंड्रीचं भवितव्य त्यांच्यातच होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची छोटी फाउंड्री आहे, एकोणीस माणसांची. आम्ही ब्राँझ ओतून इम्पेलर (पंपाच्या पोटात फिरणारा पंखा) बनवतो. जहाजाचं इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात तो बसतो. बावीस वर्षं आमचे इम्पेलर जर्मनीतल्या एका कंपनीकडे जात होते आणि आमचं निम्म्याहून जास्त काम तेच होतं. गेल्या वर्षी ती कंपनी बंद पडली. पंपांचे आराखडे आणि गिऱ्हाइकं सिंगापूरच्या एका कंपनीने घेतली आणि आम्हाला निरोप आला, की नमुन्याचे तीन इम्पेलर पाठवा, मागोमाग कुणीतरी भेटायला या, मग तुम्हाला ठेवायचं की नाही ते ठरवू. ते नाही म्हणाले, तर एकोणीसपैकी निम्म्या माणसांना घरी बसवावं लागणार होतं. आमच्याकडे भट्टी विलासरावांची आणि कागद माझे, म्हणून मी निघाले.

त्या दोन फायली म्हणजे युरोपातल्या नियमांचे कागद. तांबं कुठून आलं, वापरलेली वाळू कुठे टाकली, भट्टीतून धूर किती निघाला, कामगारांच्या कानांवर आवाज किती पडला, असल्या प्रत्येक गोष्टीचा एकेक फॉर्म. दरवर्षी नवा फॉर्म यायचा आणि जुना काही जायचा नाही. विलासराव म्हणायचे, "अगं, इम्पेलर सोड, तुझे कागद निर्यात करूया." तरीही मी ते भरले. एवढे निगुतीने भरलेले कागद बघून सिंगापूरची माणसं खूश होतील अशी माझी खात्री होती.

सकाळी चांगी विमानतळावर उतरले. पासपोर्ट यंत्रावर ठेवला, कॅमेऱ्यात बघितलं, आणि दार उघडलं. कुणी काही विचारलंच नाही. मी उगाच थोडा वेळ तिथे घुटमळले, काहीतरी राहिलं असणार या धास्तीने. मागच्या माणसाने अदबीने "प्लीज" म्हटलं तेव्हा पुढे सरकले.

माझी भाची मधुरा पुंगोलला राहते. ती आयटीत मॅनेजर आहे, नवरा त्या आठवड्यात कामासाठी जकार्ताला गेला होता. पुंगोल म्हणजे पाण्याकाठची नवी वसाहत. उंच इमारती, मधून कालव्यासारखा जलमार्ग, आणि जिथे बघावं तिथे बाबागाड्या. स्टेशनपासून घरापर्यंत एलआरटी (बिनड्रायव्हरची छोटी रेल्वे) जाते. मधुराने फोनवर नीट सांगितलं होतं कुठे उतरायचं ते. पण मी सगळ्यात पुढच्या काचेशी उभी राहून इमारतींच्या खिडक्यांतून लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं निरीक्षण करत राहिले आणि स्टेशन गेलं. ही गाडी गोल फिरते. थोड्या वेळाने मी पुन्हा निघाले होते तिथेच हजर.

"आत्या, अगं होतीस कुठे?" मधुराने दारातच विचारलं.

"प्रदक्षिणा घालत होते," मी म्हटलं.

तिची सात वर्षांची इरा मला आत्याआजी म्हणते, पण पुढचं बहुतेक इंग्रजीत. मराठी तिला पूर्ण समजतं, फक्त बोलायची वेळ आली की ती आईकडे बघते. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून त्या दोघी मला हार्बरफ्रंटपर्यंत सोडायला निघाल्या. एमआरटीत (इथल्या मेट्रोत) बसल्यावर मी पाण्याची बाटली उघडली तर इराने माझा हात धरला.

"आत्याआजी, कॅनॉट लाह! फाइन होईल."

"पाणी प्यायल्याबद्दल?"

"येस. पाणी ऑल्सो कॅनॉट."

मी बाटली बंद केली. ('लाह' हे इथल्या इंग्रजीला लागणारं शेपूट, आपल्या 'ना'सारखं.) नियमांच्या कचाट्यातून सुटून मी अशा देशात आले होते जिथे सात वर्षांची मुलगी नियम अंमलात आणते. मात्र तिने तो मला एका वाक्यात सांगितला आणि मला तो लगेच कळला. माझ्या फायलींतल्या एकाही कागदाबद्दल मला असं म्हणता आलं नसतं.

हार्बरफ्रंटला बाहेर पडलं की समोर बंदर दिसतं. बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटी, पलीकडे सेंटोसा बेटाची हिरवळ, आणि लांब समुद्रात रांगेने उभी असलेली मालवाहू जहाजं. मी कठड्याशी उभी राहून बघत राहिले. यातल्या एखाद्या जहाजाच्या पोटात आमच्याकडे साचे करणाऱ्या शंकरमामांच्या हातचा पंखा फिरत असेल असं मनात आलं. बावीस वर्षं इम्पेलर पाठवले, पण समुद्रात उभं असं जहाज मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते.

कार्यालय नवव्या मजल्यावर होतं. तिथे दोन माणसं भेटली. एक ग्रेस, नव्या कंपनीची खरेदी बघणारी, चाळिशीची, पायात पळायचे बूट, बोलणं भरभर. आणि दुसरे डीटरसाहेब.

डीटरसाहेब म्हणजे आमच्या जर्मन कंपनीचे तपासनीस. त्यांना तिथे बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ते निवृत्तीला आले होते. आराखडे समजावून द्यायला नव्या कंपनीने त्यांना दोन आठवड्यांसाठी बोलावलं होतं आणि तेच त्यांचं शेवटचं काम होतं. इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, केस पार पांढरे झालेले. "फ्राऊ माने," (म्हणजे मानेबाई) एवढंच म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

मी माझ्या फायली टेबलावर ठेवल्या. धप्प असा आवाज झाला.

"हे काय आहे?" ग्रेसने विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं. तिने वरची चार पानं चाळली आणि फाइल मिटली. "मला यातली तीन पानं लागतील. धातूची तपासणी, मापं आणि सुरक्षेचा दाखला. बाकीचं परत न्या." लाडवांचा डबा मला त्या क्षणी आठवला आणि स्वतःचा भयंकर राग आला.

पुढचं वाक्य त्याहून वाईट होतं. "मिसेस माने, खरी अडचण वेगळी आहे. तुमचे नमुने नापास झालेत. पुरवठादारानेच दोष कळवला असेल तर आमची यंत्रणा तो माल आपोआप नापास करते. आणि तुमच्या खोक्यात एक कागद होता. हा शंकरमामा कोण? त्याच्याकडे तपासनिसाचं प्रमाणपत्र आहे का?"

डीटरसाहेबांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत बसले.

त्या कागदाची गोष्ट सांगायला हवी. बावीस वर्षांपूर्वी आमचा पहिला माल डीटरसाहेबांनी सगळाच्या सगळा नापास केला होता. नुसतं नापास करून ते थांबले नाहीत. कोल्हापूरला आले, तीन दिवस राहिले, वाळू चाळण्यापासून सगळं स्वतः बघितलं. तिसऱ्या दिवशी आमचे साचे करणारे शंकरमामा, तेव्हा तिशीतले, एका तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा खराब आहे ते मला ओततानाच कळलं होतं." डीटरसाहेबांनी विचारलं, "मग पाठवला का?" आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा त्यांनी वहीतलं एक पान फाडलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, यापुढे प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाकायची, ज्यात तुम्हाला स्वतःला काय पटलं नाही ते लिहायचं. चिठ्ठीत जे असेल त्याची शिक्षा मी देणार नाही, जे नसेल त्याची देईन.

तेव्हापासून शंकरमामा सांगतात आणि मी इंग्रजीत लिहिते. ही चिठ्ठी कुठल्याही नियमात नव्हती, कुठल्याही फॉर्मवर नव्हती. सिंगापूरच्या खोक्यातही सवयीने टाकली होती. 'तिसरा नमुना: मध्याजवळ बारीक छिद्र, मर्यादेत आहे, पण शंकरमामांना पटलेलं नाही.'

ग्रेसने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, रागावलीही नाही. नमुने तोआ पायोहच्या गोदामात आहेत, उद्या तिथे प्रत्यक्ष बघू, एवढं म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला मधुराने पिठलं-भात केला होता. मी घडलेलं सांगितल्यावर ती म्हणाली, "आत्या, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास ना तू!"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. वाटेत गाडी बदलायच्या स्टेशनाचं नाव धोबी घाट. तिथे धोबीही नाही आणि घाटही नाही, खाली खोल जाणारे सरकते जिने तेवढे आहेत, पण नाव वाचून धीर आला. तोआ पायोह ही इथली जुनी वसाहत. इमारती बुटक्या, झाडं मोठी, बाकांवर गप्पा मारणारी म्हातारी माणसं. पुंगोलपेक्षा मला इथे जास्त घरच्यासारखं वाटलं. गोदाम एका जुन्या औद्योगिक इमारतीत होतं आणि आत शिरताच तेलाचा तो ओळखीचा वास आला.

आमचे तीन इम्पेलर जाळीच्या कपाटात लाल पट्टी लावून ठेवले होते. कपाटाला कुलूप होतं. मला ते बघवेना. ग्रेसने कुलूप काढलं, डीटरसाहेबांनी तिसरा नमुना उचलला, भिंगातून बघितलं, माप घेतलं. "मर्यादेत आहे. निम्म्याच्याही आत."

"ते मलाही दिसतंय," ग्रेस म्हणाली. "पण 'मर्यादेत आहे तरी पटलं नाही' याला यंत्रणेत चौकोन नाही. मी खूण कुठे करू? दुसऱ्या पुरवठादाराचेही नमुने आलेत, त्यांच्या कागदावर एकही दोष नाही." मग तिने आवाज मऊ केला. "मिसेस माने, सोपा उपाय आहे. नवे तीन नमुने पाठवा. चिठ्ठीशिवाय. मी पास करते. विचार करा, जेवून या, मग बोलू."

मी आणि डीटरसाहेब जवळच्या हॉकर सेंटरला (एका छपराखाली अनेक खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे) गेलो. मी माशाचं सूप घेतलं, तिखट मिरच्यांची वाटी वेगळी. साधं, गरमागरम आणि फार चांगलं. डीटरसाहेबांनी कॅरट केक (मुळ्याच्या वड्या अंड्यात परतलेल्या, गाजराचा पत्ता नाही) मागवला आणि बराच वेळ त्यात गाजर शोधलं. एरवी मी हसले असते.

"चिठ्ठीशिवाय पाठवा," ते एकदम म्हणाले. "कागदापायी जीव देऊ नका. आम्ही दिला."

मग ते बोलत राहिले. त्यांच्या कारखान्याला गॅसची भट्टी काढून विजेची बसवायची होती. धूर कमी करावा असा नियम होता आणि तो चांगलाच होता. पण ती बसवायला परवानग्या हव्या होत्या, एका कार्यालयाचा कागद आला की दुसऱ्याची मुदत संपायची. शेवटी छपरात वटवाघळं राहतात का याचा अहवाल मागितला गेला. तो येईस्तोवर गॅस महागला आणि गिऱ्हाइकं पूर्वेकडे गेली. गावातली बेकरी बंद झाली, मग बँकेची शाखा. त्यांचा मुलगा आता सगळ्या परक्यांना बाहेर काढा म्हणणाऱ्यांना मत देतो आणि बापाशी जेवताना बोलत नाही.

"आमच्याकडे प्रत्येक माणूस रागावलेला आहे, फ्राऊ माने. आणि प्रत्येकाचं कारण खरं आहे."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या फॉर्मांना मी शिव्या घातल्यात, अगदी कोल्हापुरी. पण त्यातल्याच एका फॉर्मसाठी आम्ही धूळ ओढणारं यंत्र बसवलं. तो फॉर्म नसता तर आम्ही ते कधीच बसवलं नसतं, खर्च परवडत नाही म्हटलं असतं. शंकरमामांचे वडीलही साचे करायचे. ते खोकून खोकून गेले. शंकरमामा पंचावन्न वर्षांचे आहेत आणि सकाळी रंकाळ्याला फेरी मारून कामावर येतात. हे कुणामुळे? आणि ती चिठ्ठी तर तुमच्या सरकारची नव्हती, तुमची होती. तुम्हीच ती फेकून द्या म्हणता?"

मी उठून विलासरावांना फोन लावला.

"अहो, शंकरमामा आहेत का जवळ? त्यांनाही ऐकू दे."

सगळं सांगितलं. विलासराव म्हणाले, "नाहीतर टाकू नको चिठ्ठी. माणसं जगली पाहिजेत." त्यांचंही चूक नव्हतं. मग शंकरमामांचा आवाज आला. "वैनी, त्यास्नी चिठ्ठी नको तर नको, माझं काय न्हाई. पण मग मला न पटलेला तुकडा मी खोक्यात घालणार न्हाई. मर्यादेत असू दे न्हाईतर नसू दे. परत भट्टीत टाकणार. माल कमी निघंल, उशिरा निघंल. ते तेवढं सांगा त्या बाईस्नी."

मी फोन ठेवला. शंकरमामांनी पेच माझ्यासाठी सोपा केला होता की अवघड, ते कळेना. ट्रे उचलून ठेवायला गेले, इथे आपला ट्रे आपणच ठेवायचा असतो, तर साफसफाई करणाऱ्या एका वृद्ध चिनी काकांनी मला अडवलं.

"आंटी, नो नो. दिस वन हलाल साइड. युवर्स देअर, ओके?"

हलाल खाणाऱ्यांच्या ताटांची मांडणी वेगळी होती, मी आपली चुकीच्या ठिकाणी ठेवत होते. मी कान पकडून दाखवले. काका मनापासून हसले आणि माझा ट्रे स्वतः योग्य जागी ठेवून आले. डीटरसाहेब माझ्या मागे उभे राहून हे बघत होते.

गोदामात परतल्यावर मी ग्रेसला शंकरमामांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "चिठ्ठीशिवाय हवा असेल तर तसा देऊ. पण मग माल कमी येईल आणि उशिरा येईल, कारण आमचा माणूस मनात शंका ठेवून तुकडा पाठवत नाही. शंका तुम्हाला कळवायची मुभा असेल, तर तुकडा पाठवतो. नमुने पुन्हा पाठवायचे तर पाठवते. पण चिठ्ठी बंद करते असं मी आत्ता म्हटलं, तर ते खोटं होईल." हे बोलताना फाउंड्रीतली निम्मी माणसं मला डोळ्यांसमोर दिसत होती, त्यांच्या नावांसकट.

ग्रेसने दुसऱ्या पुरवठादाराचे तीन इम्पेलरही टेबलावर मांडले. "डीटर, सहाही तपासा. रंग लावून."

लाल रंगाचं द्रव्य लावून पुसायचं, वर पांढरी भुकटी फवारायची, मग जिथे छिद्र असेल तिथे लाल ठिपका उमटतो. डीटरसाहेबांनी बाह्या दुमडल्या. त्यांचे हात तेच होते, बावीस वर्षांपूर्वीचे, सावकाश आणि ठाम. मी देवाचं नाव घेत बसले. माझ्या मनात पाप होतं, ते कबूल करते. समोरच्यांच्या तुकड्यांवर मोठेच्या मोठे लाल डाग उमटावेत असं मला वाटत होतं.

तसं काही झालं नाही. त्यांचे तिन्ही चांगले निघाले. एक तर आमच्या तिन्हींपेक्षा सरस होता. आमच्या तिसऱ्यावर एकच ठिपका उमटला, चिठ्ठीत लिहिला होता तिथेच.

"चांगला माल आहे यांचा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ग्रेस दोन्हीकडे आलटून पालटून बघत होती. "चांगला आहे. पण ते मला आत्ता कळलं, कारण आज डीटर इथे आहेत. पुढच्या आठवड्यात ते जाणार. त्यांच्या जागी तपासनीस नेमायला मला मंजुरी नाही." ती खुर्चीवर बसली. "लहानपणी माझे वडील गोदीत जहाजं दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, जो फिटर घरी जाताना 'तो एक बोल्ट मला आवडला नाही' असं सांगून जातो, त्याच्या पाळीनंतर मला झोप लागते." मग तिने एकदम कामाचा आवाज काढला. "अर्धं काम त्यांना, अर्धं तुम्हाला. चिठ्ठी चालू ठेवा. यंत्रणेत शेवटी शेरा लिहायची जागा असते. तिथे मी ती घालीन. ती जागा कुणी वाचत नाही. मी वाचेन."

अर्धं. मी आभार मानले, आणि त्याच वेळी मनातल्या मनात उरलेलं अर्धं कुठून आणायचं त्याचा घोर लागला. तरी माणसं घरी बसणार नव्हती, निदान लगेच तरी नाही. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि रडले. डीटरसाहेब शेजारी उभे राहिले. जर्मन माणसं अशा वेळी काय करतात मला माहीत नाही, त्यांनी इस्त्रीचा रुमाल पुढे केला.

"आमच्या कारखान्यात अशी चिठ्ठी कुणी लिहिली नाही," ते म्हणाले. "मी तुमच्याकडून लिहून घेतली. आमच्याकडे सगळे फॉर्म भरत होते आणि प्रत्येक फॉर्मवर सगळं ठीक होतं. शेवटच्या दिवसापर्यंत."

मी त्यांच्या पाया पडले. तोआ पायोहच्या रस्त्यावर, भर दुपारी. ते पार गोंधळून गेले आणि त्यांनीही वाकून मला नमस्कार केला. येणारी जाणारी माणसं बघत होती. बघू देत.

उरलेले दोन दिवस मी पुंगोलला इराबरोबर पाण्याकाठी फिरले. जाताना ती म्हणाली, "आत्याआजी, कम अगेन, लाह. पण लाडू घेऊन." तिला लाडवांचं कुणी सांगितलं होतं ते मी मधुराला विचारलं नाही. फायली मी तिथेच रद्दीत दिल्या, ती तीन पानं काढून घेऊन. बॅग हलकी झाली. परतताना विमानात सगळा वेळ मनात एकच येत राहिलं, की या प्रवासात मला जे मिळालं ते कुणाकुणाचं देणं आहे. वर्तमानपत्रांत वाचते, युरोप शर्यतीत मागे पडला, नियमांच्या जाळ्यात अडकला, लोक आपसात भांडू लागले. असेल. डीटरसाहेबांच्या गावची बेकरी बंद पडली हे तर खरंच आहे. पण त्याच गावाने आम्हाला श्वास घ्यायला शिकवलं आणि खरं बोलायला. सिंगापूरने ते दोन्ही बघून आम्हाला दारात उभं केलं. मला दोघांबद्दलही कृतज्ञताच वाटते, आणि ती लपवायचं कारण नाही.

कोल्हापूरला आल्यावर आम्ही दुसरी पाळी बंद केली, सगळ्यांना एकाच पाळीत घेतलं. सांगलीच्या एका पंपवाल्याचं थोडं काम मिळालं. ओढाताण आहे, पण एकोणीस माणसं एकोणीसच आहेत.

पहिला माल सिंगापूरला पोहोचला त्यानंतर आठवड्याने ग्रेसची ईमेल आली. मी ती दुपारच्या चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवली. माल मिळाला, चिठ्ठी मिळाली, असं तिने लिहिलं होतं. त्याखाली दोन ओळी होत्या. 'आमच्याकडच्या चुका: दुसऱ्या आराखड्यावर एक माप आम्ही पुसट छापून पाठवलं. तुमचं एक खोकं आमच्या माणसाकडून उतरवताना पडलं, आतला तुकडा शाबूत आहे, पण मला ते पटलं नाही.'

शंकरमामांनी कप खाली ठेवला. "पुन्हा वाचा, वैनी."

मी पुन्हा वाचलं.

"गिऱ्हाइकानं चूक लिहून पाठवल्याली मी जन्मात पयल्यांदा ऐकली," ते म्हणाले आणि उठून कामाला गेले.

मी ईमेलचा कागद छापून घेतला, पाकिटात घातला आणि जर्मनीतल्या त्या लहानशा गावी, डीटरसाहेबांच्या घरच्या पत्त्यावर पाठवला. सोबत एकच ओळ लिहिली. साहेब, तुमचं काम चालू आहे.